बुलढाण्याहून नाकासमोर पूर्वेला

शाळेतला जुना नकाशासंग्रह काढा. बुलढाण्यावर पट्टी ठेवा, अक्षांशाची रेषा जशी वळेल तशी पट्टी वळवत पेन्सिल उजवीकडे ओढत न्या. अकोला थोडं वर राहतं, यवतमाळ किंचित खाली जातं, वैनगंगा ओलांडली की छत्तीसगड लागतं, मग ओडिशातले डोंगर, महानदीचं खोरं, आणि समुद्र यायच्या जरा आधी पेन्सिल कटकाला जाऊन टेकते. बुलढाणा २०.५३ अंश उत्तर, कटक २०.४६. उत्तर-दक्षिण फरक जेमतेम सात-आठ किलोमीटरचा, म्हणजे सकाळी सायकलवर शेजारच्या खेड्यात जाऊन दूध घेऊन यावं एवढा. पूर्व-पश्चिम अंतर मात्र हजार किलोमीटरच्या आसपास.

पहिल्यांदा हा खेळ केला तेव्हा मला वाटलं, पट्टी हलली. दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा केला. पट्टी हलली नव्हती. बुलढाण्याहून नाकासमोर चालत सुटलं तर माणूस कटकातच पोचतो, फक्त सूर्य तिथं ३९ मिनिटं आधी उगवतो. घड्याळ एकच, पहाट दोन.

हा खेळ सुचायला कारण होतं. ३१ ऑक्टोबर २०१५ला पंतप्रधानांनी ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ची घोषणा केली आणि पुढे राज्याराज्यांच्या जोड्या लावल्या गेल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला ओडिशा आलं. दोघांची हद्द कुठेही लागत नाही, मध्ये अख्खं छत्तीसगड आडवं पसरलंय. तरी आपल्या पोरांनी ओडियातली शंभर वाक्यं शिकायची, त्यांनी मराठीतली, शाळा-महाविद्यालयांत त्यासाठी मंडळं काढायची, गाणी-म्हणी-खाणं यांची देवाणघेवाण करायची, असा बेत. २०२३पासून ‘युवा संगम’ सुरू झालं. त्यात १८ ते ३० वयाची मुलं-मुली गटागटानं दुसऱ्या राज्यात जाऊन राहून येतात.

कल्पना आपल्याकडे नवी नाही. साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न आयुष्याच्या अखेरीला मांडलं. बाबा आमटे १९८५च्या डिसेंबरात पाठीच्या दुखण्यासकट कन्याकुमारीहून काश्मीरला निघाले. बरोबर शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर, रस्ता पाच हजार किलोमीटरचा. पण सरकारनं जोडीच लावून द्यायची हे नवीन. स्थळ आणल्यासारखं.

तर ही जोडी केवढी आहे, ते आधी मोजू.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्र ११,२३,७४,३३३. ओडिशा ४,१९,७४,२१८. बेरीज १५,४३,४८,५५१. आता फ्रान्स आणि जर्मनी घ्या. फ्रान्स ६ कोटी ८० लाखांच्या आसपास, जर्मनी ८ कोटी ४० लाखांच्या आसपास, मिळून १५ कोटी २० लाख. म्हणजे आपली ही सरकारी सोयरीक फ्रान्स-जर्मनीएवढी आहे, आणि तेही आपला आकडा जुना धरून. पॅरिस ते बर्लिन सरळ अंतर ८८० किलोमीटर. बुलढाणा-कटक त्याहून शे-सव्वाशेनं जास्तच.

आता समजा, महाराष्ट्रातल्या प्रत्येकानं ओडिशातल्या प्रत्येकाशी एकदा हात मिळवायचा ठरवला. दर सेकंदाला एक हस्तांदोलन, जेवणाची सुट्टी नाही. दोन्ही आकड्यांचा गुणाकार सोळा आकडी होतो. पाढ्यांच्या जुन्या पुस्तकात एकं, दहं, शतंपासून अब्ज, खर्व, निखर्व अशी जी उतरंड असायची, तिच्यात हा आकडा ‘अंत्य’ नावाच्या घरात बसतो. ४.७ अंत्य. हे सगळं उरकायला लागतील १५ कोटी वर्षं. बुलढाणा जिल्हा ज्या काळ्या कातळावर उभा आहे, लोणारचं विवर ज्या कातळात खणलं गेलं, त्या दख्खनच्या लाव्ह्याचं वय साडेसहा कोटी वर्षं. म्हणजे आज पूर्ण व्हायचं तर पहिला हात मिळवायला तो लाव्हा वाहायच्या साडेआठ कोटी वर्षं आधी उभं राहावं लागलं असतं. तेव्हा इथं खडक दुसराच होता आणि हात मिळवायला डायनोसॉर होते.

गंमत पुरे. माणसं हात मिळवत नाहीत, एसटीत बसतात. पुढचा हिशेब एसटीतच करू. एक गाडी, ४५ माणसं, उभं राहणाऱ्यांना मनाई.

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके, ९,६६१ चौरस किलोमीटर आणि २०११ला २५,८६,२५८ माणसं. जागेच्या मानानं हा जिल्हा युरोपीय संघातल्या सायप्रस या देशाहून मोठा, माणसांच्या मानानं स्लोव्हेनियाहून मोठा. लक्झेंबर्ग नावाचा देश तर बुलढाण्यात साडेतीन वेळा मावून थोडी जागा उरेल. (त्या देशाचं क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर. बुलढाण्याच्या लोकसंख्येचे पहिले चार आकडे पुन्हा बघा. याला अर्थ काहीच नाही, पण आकड्यांत रमणाऱ्या माणसाला असलं काही दिसलं की चहा गोड लागतो.)

या जिल्ह्यातून रोज एक एसटी ओडिशाकडे सोडली, रोज नवी ४५ माणसं, दिवाळीलाही सुट्टी नाही, तर सगळा जिल्हा हलायला ५७,४७३ दिवस लागतील. १५७ वर्षं. म्हणजे १८६७ साली मुंबईची आगगाडी मलकापूर, नांदुरा, शेगाव करत नागपूरला पोचली, त्या वर्षी पहिली एसटी सुटली असती तर शेवटची एवढ्यात कुठे घाट उतरली असती. महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांचा आकडा दोन कोटींच्या वर आहे. त्यांना एका एसटीनं रोज न्यायचं तर १,२०० वर्षांहून अधिक. सुरुवात राष्ट्रकूट गोविंद तिसऱ्याच्या राज्यात करावी लागली असती.

युवा संगमाची एक तुकडी म्हणजे साधारण अशी एक एसटी. एक. आता युरोपाकडे बघा, मग कळतं की मी ही गाडी का मोजत बसलोय.

१९८७ साली युरोपात इरॅस्मस नावाची योजना सुरू झाली. विद्यार्थ्यानं आपल्या देशातलं शिक्षण न सोडता काही महिने दुसऱ्या देशात जाऊन शिकायचं. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आपल्या मापानं ७३ एसट्या. आजवर योजनेतून जाऊन आलेल्या सगळ्यांची संख्या १ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली आहे. सदतीस-अडतीस वर्षांवर पसरवलं तर दिवसाला ११००-१२०० माणसं, म्हणजे रोज २६ एसट्या, रविवार धरून, नाताळ धरून. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी तिच्यावर २६ अब्ज युरो ठेवलेत.

पण इरॅस्मसहून मला दुसरी एक गोष्ट मोठी वाटते, आणि ती आकड्यानं लहान आहे. फ्रान्स आणि जर्मनी १८७० ते १९४५ या ७५ वर्षांत तीन वेळा एकमेकांशी लढले. त्यातली एकट्या व्हर्दूंची लढाई १९१६मध्ये ३०० दिवसांहून जास्त चालली आणि तिच्यात दोन्हीकडचे मिळून सुमारे तीन लाख मेले. रोज हजार. रोज २२ एसट्या भरून गेल्या आणि रिकाम्या परत आल्या, असं दहा महिने. एवढं झाल्यावर २२ जानेवारी १९६३ला दोन्ही देशांनी मैत्रीचा करार केला, त्याच वर्षी तरुणांच्या देवाणघेवाणीचं संयुक्त कार्यालय काढलं, आणि त्या कार्यालयानं साठ वर्षांत ९० लाखांहून जास्त पोरं इकडून तिकडे नेली-आणली. रोज नऊ एसट्या.

मग २००३च्या जानेवारीत, कराराच्या चाळिसाव्या वर्षी, दोन्हीकडची पाचशेच्या आसपास शाळकरी मुलं बर्लिनमध्ये जमली. अकरा-बारा एसट्यांचा जमाव. त्यांनी मागणी काय केली? सहली वाढवा, जेवण सुधारा? ती म्हणाली, आम्हा दोघांना इतिहासाचं एकच पुस्तक द्या. तीच पानं, तीच चित्रं, फक्त भाषा दोन. मोठ्यांनी मनावर घेतलं. पहिला खंड २००६ला, दुसरा २००८ला, तिसरा २०११ला आला. पुस्तक आलं म्हणून प्रत्येक वर्गात पोचलं असं नाही. तिथंही शिक्षक अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकाला बांधलेले असतात. पण ते छापलं गेलं, आणि मागितलं होतं पोरांनी.

आपल्याकडच्या अशा एका मेळ्याला मी हजर होतो. गाव आणि संस्था सांगत नाही. संबळपुरी नाच झाला, सुरेख झाला. पुरणपोळी आणि छेनापोडं शेजारीशेजारी मांडलं होतं. एका मुलीनं ओडियात स्वतःची ओळख करून दिली, टाळ्या पडल्या. इतिहासाचा मात्र एक शब्द नाही. महाराष्ट्र आणि ओडिशा यांचा एकमेकांशी काही संबंध होता, हे त्या मांडवात कुणाला ठाऊक असल्याचं दिसलं नाही. निवेदक म्हणाला, दोन अनोळखी संस्कृतींची ही पहिली भेट. मी खुर्चीत सरसावून बसलो आणि मग गप्प राहिलो, कारण पाहुण्यांसमोर ‘अहो, आपण त्यांच्यावर राज्य केलंय’ असं ओरडणं बरं दिसलं नसतं.

५२ वर्षं केलंय. १७५१ ते १८०३.

नागपूरच्या रघुजी भोसल्यांचं सैन्य १७४२पासून जवळपास दरसाल बंगालवर जात होतं. शेवटी १७५१ला बंगालचा नवाब अलीवर्दीखान तहाला आला. सुवर्णरेखा नदीपर्यंतचा ओडिशा भोसल्यांकडे, शिवाय बंगाल-बिहारच्या चौथाईपोटी दरसाल १२ लाख रुपये. बारा लाख आज ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण तो रुपया चांदीचा, साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर. बारा लाख रुपये म्हणजे दरवर्षी १४ टन चांदी. एका बैलाच्या पाठीवर सव्वाशे किलो घातले तर ११२ बैलांचा तांडा. चांदी म्हटली की आपल्या जिल्ह्याला खामगाव आठवतं. खामगावच्या सराफ्यात बसून कुणी हा हिशेब ऐकला तर त्याच्याही हातातला तराजू थांबेल. पैसे वेळेवर आणि पुरे येत, असा याचा अर्थ नाही. नवाबाकडून चौथाई वसूल करणं हे स्वतंत्र दुखणं होतं.

त्या ५२ वर्षांत कटकला मराठी सुभेदार बसले. शिवभट साठे, भवानी पंडित, संभाजी गणेश, राजाराम पंडित. पुरीला जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर आज जो सोळा पैलूंचा, एकाच दगडाचा, दहा मीटर उंचीचा अरुणस्तंभ उभा आहे, तो मुळात कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढचा. अठराव्या शतकात मराठ्यांच्याच अमलात तो तिथून पुरीला आणला. कोणार्क ते पुरी तीस-पस्तीस किलोमीटर. आपल्याकडची मंडळी रथयात्रेला जातात, त्या खांबाला हात लावून नमस्कार करतात, सेल्फी घेतात आणि येतात. खांब तिथं कुणाच्या काळात आला, हे विचारत नाहीत.

आता कडू भाग. बारगीर हा शब्द आपल्याला माहीत आहे. ज्याचा घोडा आणि हत्यार सरकारी, तो बारगीर. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. आपल्या तोंडी हा पगारी घोडेस्वारासाठीचा साधा शब्द, बखरींच्या पानांत जागोजाग पडलेला. तोच शब्द बंगालात जाऊन ‘बर्गी’ झाला आणि अंगाईगीतात शिरला. तान्ह्या पोराला निजवायला तिथल्या आया बर्गीचं भय घालत आल्या. गंगारामानं १७५१च्या सुमारास बंगालीत ‘महाराष्ट्र पुराण’ नावाचं काव्य लिहिलं, ते आपल्या गौरवाचं नाही. लुटलेल्या गावांचं आहे. इकडच्या पोवाड्यातला मर्द तिकडच्या पाळण्यातला बागुलबुवा. फ्रेंच आणि जर्मन पोरांनी एकच पुस्तक मागितलं ते अशाच गाठीसाठी. ज्यांचं सगळंच गोड आहे, त्यांना एकत्र पुस्तक लागत नाही, पत्रिका पुरते.

आणि ही गाठ सुटली कुठे? इथं बुलढाण्याची गंमत सुरू होते.

१८०३चा पावसाळा सरत होता. इंग्रजांनी शिंदे-भोसल्यांशी एकाच वेळी अनेक बाजूंनी युद्ध मांडलं. १८ सप्टेंबरला कंपनीच्या फौजेनं पुरी घेतली. पाचच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, आर्थर वेलस्लीनं असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला गाठलं. असई आज जालना जिल्ह्यात; बुलढाणा शहरापासून सरळ रेषेत ४५ किलोमीटर. पुरी ते असई पुन्हा तीच हजार किलोमीटरची पट्टी. स्वारानं रोज शंभर किलोमीटर सरळ कापले, जे अशक्यच, तरी पुरी पडल्याची बातमी भोसल्यांच्या छावणीत यायला दहा दिवस. म्हणजे असईच्या मैदानात उभ्या असलेल्या नागपूरकरांना ठाऊकच नसणार की जगन्नाथाची पुरी आपल्या हातून गेली आहे.

त्या मैदानात कोण कोण होतं, ते मोजण्यासारखं आहे. वेलस्ली आयर्लंडात जन्मलेला. त्याच्या गोऱ्या पलटणी स्कॉटलंडच्या हायलँडर. मद्रासचे शिपाई. समोर मराठ्यांची घोडदळं, आणि शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती अँथनी पोलमन, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. त्या भयंकर लढाईत इंग्रजांकडचे सोळाशेच्या आसपास मेले-जखमी झाले, शिंदे-भोसल्यांच्या ९८ तोफा गेल्या. याच वेलस्लीनं ४,२८६ दिवसांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. उतारवयात त्याला कुणी विचारलं की तुम्ही लढाईत केलेली सगळ्यात चांगली गोष्ट कोणती, तर त्यानं वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं. युरोपातली पोरं सहलीला वॉटर्लूला जातात. आपल्या शाळांच्या सहली अजिंठ्याला जाताना असईपासून काही कोसांवरून जातात आणि गाडी थांबत नाही.

पुढचं भराभर झालं. १४ ऑक्टोबर, कटकचा बाराबाटी किल्ला पडला. २९ नोव्हेंबर, अकोल्याकडच्या अडगावला भोसले पुन्हा हरले. १५ डिसेंबर, गाविलगड गेला. १७ डिसेंबरला देवगावच्या छावणीत तह झाला. इंग्रजांच्या बाजूनं वेलस्ली, भोसल्यांच्या बाजूनं वकील यशवंतराव रामचंद्र. पुरी पडल्यापासून हिशेब केला तर ९० दिवस. ५२ वर्षांत कमावलेलं ९० दिवसांत गेलं.

त्या तहाची कलमं वाचताना मला ॲटलासमधली ती पेन्सिलीची रेघ आठवली. भोसल्यांनी काय सोडलं? एक, बालासोरसह कटक प्रांत, तो कंपनीला. दोन, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड, तो गेला कंपनीच्या दोस्ताकडे, निजामाकडे. त्याआधी तिथं दोअमली होती, म्हणजे एकाच गावाचा वसूल भोसले आणि निजाम दोघं वाटून खात. आजच्या बुलढाणा जिल्ह्याचा बराचसा भाग या पश्चिम वऱ्हाडातला. म्हणजे कटक आणि बुलढाण्याकडचा मुलूख एकाच दिवशी, एकाच कागदावर, एकाच धन्याच्या हातून सुटले. एक गेला कलकत्त्याकडे, दुसरा हैदराबादकडे.

त्यानंतर ७७,३८५ दिवसांनी दिल्लीत घोषणा झाली आणि तीच दोन टोकं पुन्हा एका कागदावर आली. ज्यांनी जोड्या लावल्या त्यांच्या मनात देवगाव होतं असं मी म्हणत नाही. पण योगायोग असला तरी तो आयता हाती आलाय. मेळ्यात निदान तहाच्या त्या दोन कलमांची एक नक्कल तरी टांगायला काय हरकत होती?

बुलढाण्याच्या पोराला हद्द ही चीज काय असते ते शिकवायला युरोपात न्यायची गरज नाही. त्याचा जिल्हा हद्दींनीच शिवलेला आहे. ११ ऑक्टोबर १७२४ला साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्कानं मुबारिजखानाला एका दिवसात मारलं आणि हैदराबादचं राज्य उभं राहिलं. सिंदखेड राजा तालुक्यातल्या या एका गावच्या शिवारातून २२४ वर्षं टिकलेली सत्ता निघाली. अखेरीस तिचा विस्तार २ लाख १४ हजार चौरस किलोमीटर होता, इंग्लंड आणि स्कॉटलंड मिळून होतात त्याहून जास्त, आणि आपल्या जिल्ह्याच्या २२ पट. हे कुणा बुलढाणेकराला सांगितलं तर तो आधी ‘आपल्या साखरखेर्ड्याला?’ असं विचारतो. मग दोन मिनिटं बोलत नाही.

१८५३ला निजामानं वऱ्हाड कंपनीकडे गहाण टाकल्यासारखं दिलं. १९०२ला दरसाल २५ लाखांवर कायमच्या पट्ट्यानं दिलं, १९०३ला ते मध्य प्रांताला जोडलं. राज्य इंग्रजांचं, मालकी कागदावर निजामाची. त्याच्या युवराजाला पुढे ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताबही मिळाला. १९५६ला द्विभाषिक मुंबई, १९६०ला महाराष्ट्र. म्हणजे १८००च्या सुमारास वसलेलं एखादं घर जागचं न हलता पाच-सहा सरकारं बघून मोकळं झालं.

यातली सगळ्यात जवळची हद्द माझ्या मते देऊळगाव राजाची. तिथून जालना सरळ पंचवीस किलोमीटर. आज माणूस दुचाकीवर अर्ध्या-पाऊण तासात बियाणं घेऊन येतो. पण १९४८च्या आधी तो देऊळगावहून निघाला की ब्रिटिश हिंदुस्थानातून निजामाच्या राज्यात जायचा. वाटेत करोडगिरीचा नाका. मालावर जकात. खिशातला रुपया कलदार, तिकडचा हाली. सहा कलदारांचे सात हाली. बाजारातल्या किराणा दुकानदाराला सहा-सातचा पाढा पाठ असावा लागे. तिकडे बहीण दिलेली असे, इकडे मामा असे, भाषा तीच, ज्वारी तीच, आणि तरी रक्षाबंधनाला जायचं म्हणजे दोन राज्यं आणि दोन नाणी. फ्रँक आणि मार्क मोडून युरो आला १९९९ ते २००२च्या दरम्यान. आपली जालना-देऊळगावची पोरं त्याच्या अर्धशतक आधी एका नाण्यावर आली. त्याचा कुणी उत्सव केला नाही.

आणि भाषेचं? मेळ्यातल्या त्या मुलीची शंभर वाक्यं ऐकताना माझे कान एका जागी टवकारले. तिनं ‘फळ’ म्हटलं. हिंदीसारखं ‘फल’ नाही, ‘फळ’. शेवटी किंचित ओकारासारखा स्वर लावून, पण ळ चांगला ठसठशीत. मला आधी वाटलं, मराठी जीभ घसरली. तसं नव्हतं. ओडियातही ळ आहे. मूळ, तळ, फळ हे शब्द तिकडेही ळनंच म्हणतात. प्रमाण हिंदीत हा वर्ण नाही, आजच्या बंगालीत नाही. हजार किलोमीटर पार केल्यावर, मध्ये ळ न म्हणणारी माणसं ओलांडून, पलीकडे पुन्हा ळ भेटतो. लिपी मात्र त्यांची गोल गरगरीत, कारण ताडपत्रावर लोखंडी टोकानं सरळ आडवी रेघ मारली की पान फाटतं. आपली शिरोरेघ त्या पानांनी सहन केली नसती. ओडियाला अभिजात भाषेचा दर्जा २०१४ला मिळाला, मराठीला २०२४ला. त्याही बाबतीत सूर्य तिकडे आधी उगवला.

रस्ताही आहे. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूरला आलात की राष्ट्रीय महामार्ग ५३ लागतो. गुजरातेत हजीऱ्याला सुरू होतो, आपल्या जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव करत अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबळपूर ओलांडून ओडिशातल्या पारादीप बंदरावर संपतो. याच रस्त्याच्या अमरावती-अकोला टप्प्यात २०२२च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरची एक मार्गिका सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबरानं घातली गेली आणि जागतिक विक्रमाच्या पुस्तकात गेली. खामगावच्या बाहेर धाब्यावर चहा पिताना ‘ओडी’ क्रमांकाचे ट्रक मोजायचे. माझा एका चहातला उच्चांक चार.

युवा संगमाला आणि त्या मंडळांना एक सुचवायचं आहे. खर्च एका काठीचा. १७ डिसेंबर, देवगावच्या तहाची तारीख. बुलढाण्यातल्या एका शाळेनं आणि कटकातल्या एका शाळेनं मैदानात बरोबर एक मीटर उंचीची काठी सरळ रोवायची. सावली सगळ्यात आखूड होईल ती वेळ टिपायची आणि सावली मोजायची. कटकात ती वेळ ११ वाजून ४२ मिनिटांच्या आसपास येईल, बुलढाण्यात १२ वाजून २१च्या आसपास. मधली ३९ मिनिटं पोरांना चारनं भागायला सांगायची, की रेखांशातला फरक येतो, पावणेदहा अंश. पुढे एका अंशाचे या अक्षांशावर किती किलोमीटर ते गुणायचं, की हजार किलोमीटर वहीच्या पानावर उतरतात. ना गुगल लागतं, ना शिक्षणाधिकाऱ्याची परवानगी. आणि सावली? दोन्हीकडे ९६ सेंटिमीटर. फरक दोन मिलिमीटरचा, तो काठी थोडी कलली तरी भरून निघेल.